त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या

मागच्या जून महिन्यातली गोष्ट. माझा मुलगा तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेला होता. केमिकलचा डिप्लोमा झालेला, मार्क चांगले, सहा महिन्यांचं ट्रेनिंगही केलेलं. सकाळी देवापुढे दिवा लावला, त्याच्या हातावर दही-साखर ठेवली आणि पाठवला. दीड तासात तो परत आला. बूट काढले, थेट आत गेला आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवायलाही उठला नाही.

रात्री त्याचे बाबा आल्यावर थोडं थोडं कळलं. समोरच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नाव काय तुझं?" आणि याच्या तोंडून नावच बाहेर येईना. पहिल्याच अक्षरावर जीभ अडकून बसली. मान ताठ, डोळे मिटलेले, ओठ थरथरतायत. साहेब शेजारच्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, "नाव विसरला वाटतं!" पुढचे प्रश्न त्याच्या विषयातले होते. सगळी उत्तरं येत होती त्याला. पण प्रत्येक प्रश्नाला "नाही येत सर" म्हणत तो उठून आला.

का? तर "नाही येत सर" हे तीन शब्द त्याला न अडखळता म्हणता येतात!

मैत्रिणींनो, माझा मुलगा तोतरं बोलतो. हे वाक्य चारचौघांत लिहायला मला वीस वर्षं लागली. आजवर मी "जरा घाईघाईत बोलतो", "बुजरा आहे", "कमी बोलतो" असं काय काय सांगत आले. बचत गटाच्या कामासाठी पालघर, बोईसर, सातपाटी, मनोर अशी गावं पालथी घालते, बायकांना बोलतं करते, बँकेत साहेबांशी भांडते. आणि घरातलं हे मात्र पदराआड झाकून ठेवलं.

तो साडेतीन वर्षांचा असताना सुरू झालं. आधी "म-म-मला" असं एखादं अक्षर दोन-तीनदा यायचं. आम्हाला गोडच वाटायचं. मग शब्दच अडायला लागला. त्यानंतर जे उपाय आम्ही केले ते तुमच्याही ओळखीचे असतील. वेखंड उगाळून मधातून चाटवलं. पोपटाचा उष्टा पेरू शोधून आणून खायला घातला. कुणीतरी सांगितलं, तोंडात गोटी ठेवून वाचायला लावा. तेही केलं, एकदा ती गोटी घशात जाता जाता राहिली तेव्हा थांबलो. नवस बोलून झाले. शाळेत गेला तेव्हा सगळ्यांचं एकच मत पडलं, "पोरगं घाबरतं हो, म्हणून अडखळतं. त्याला धीट करा."

झालं! आम्ही त्याला धीट करायला निघालो. पाचवीत असताना मीच हट्ट करून पंधरा ऑगस्टच्या भाषणात त्याचं नाव घातलं. पाठांतर चोख. घरी आरशासमोर एकदाही अडला नाही. मैदानात माईकसमोर उभा राहिला आणि "सन्माननीय"च्या 'स'वर जो थांबला तो थांबलाच. मुलं हसली. पुढच्या रांगेतली दोन-चार मोठी माणसंही हसली. त्या दिवसापासून तो शाळेत हात वर करायचा बंद झाला. हजेरीच्या वेळी "हजर" म्हणायचं टाळायला मुद्दाम उशिरा वर्गात जायचा, हे मला तो दहावी झाल्यावर कळलं. उशिरा येतो म्हणून मी त्याला मारलंही होतं.

आज मला ठासून म्हणायचं आहे ते हेच. "घाबरतो म्हणून अडखळतो" हे आपलं लाडकं निदान उलटं आहे. मूल घाबरतं म्हणून तोतरं होत नाही. ते आधी अडखळतं. मग आपण हसतो, टोकतो, दया दाखवतो, आणि मग ते घाबरायला शिकतं.

मी आर्ट्सची पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच सुटला. पण त्या जूननंतर मी गप्प बसू शकले नाही. मिळेल ते वाचलं, मुलाला घेऊन मुंबईला एका स्पीच थेरपिस्ट बाईंकडे गेले, वहीत लिहून घेतलं. त्यातलं जे समजलं ते सोपं करून सांगते.

तोतरेपणा बहुतेकांत दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो, म्हणजे मूल भराभर नवे शब्द जुळवायला लागतं तेव्हा. शंभरातल्या पाचेक मुलांना तरी हा टप्पा येतो आणि त्यातल्या बहुतेकांचा तो आपोआप जातो. उरतो तो शंभरात साधारण एका मोठ्या माणसात. आपल्या पालघर जिल्ह्यात आज जे तालुके आहेत त्यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत तीस लाखांच्या घरात होती. हिशेब तुम्हीच करा. वीस हजार तरी मोठी माणसं आपल्या आसपास शब्दाशी झुंजत असणार. मग ती दिसत का नाहीत? कारण ती बोलतच नाहीत.

कारण काय, तर मुख्यतः मेंदूतली बोलण्याची जुळणी आणि आनुवंशिकता. बोलायला श्वास, कंठ, जीभ, ओठ यांची क्षणाक्षणाची वेळ जुळावी लागते. ही वेळ सांभाळणारी मेंदूतली व्यवस्था काही जणांत जराशी वेगळी चालते. अमेरिकेतल्या डेनिस ड्रायना यांच्या गटाने पाकिस्तानातली, पिढ्यान्‌पिढ्या तोतरेपणा असलेली कुटुंबं अभ्यासून २०१० साली काही जनुकांचा संबंध दाखवून दिला. आमच्याकडेही माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ तसेच बोलायचे. पण ते कुणी कधी जोडून पाहिलंच नाही. दोष आला तो माझ्यावर. "आईचा धाक फार", "गरोदरपणी नीट राहिली नाही", "पोरावर ओरडते ना!"

आईला दोष द्यायची ही सवय फक्त आपलीच नाही बरं का. अमेरिकेत वेंडेल जॉन्सन नावाचे मोठे तज्ज्ञ होते, स्वतः तोतरे. तोतरेपणा मुलाच्या तोंडात नाही, आईवडिलांच्या कानात सुरू होतो, असा त्यांचा सिद्धांत. आईबाप टोकतात म्हणून मूल तोतरं होतं म्हणे. हे तपासायला त्यांच्या विद्यार्थिनीने १९३९ साली आयोवा राज्यातल्या एका अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना महिनोन्‌महिने सांगितलं गेलं, की तुमचं बोलणं बिघडतंय, तुम्ही तोतरे होत आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. काय झालं? ती मुलं कायमची तोतरी झाली नाहीत. पण गप्प झाली. वर्गात बोलेनाशी झाली, लाजून, बिचकून राहायला लागली. हे सगळं २००१ साली उजेडात आलं तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ साली त्यातल्या हयात माणसांना व वारसांना भरपाई द्यावी लागली.

हा प्रकार वाचून मी रडले. तो प्रयोग क्रूर होताच. पण टोकण्याने तोतरेपणा येत नाही, बोलण्याची भीती मात्र नक्की येते, हे त्यातून किती स्पष्ट दिसतं! आणि हाच प्रयोग आपण आपल्या घरात, शाळेत, लग्नघरात रोज करतो आहोत.

आता मोठ्या माणसांकडे येऊ. लहान मूल नुकतं अडखळायला लागतं तेव्हा ते इतर मुलांपेक्षा जास्त भित्रं असतं असं काही दिसत नाही. पण तेच मूल पंचवीस वर्षांचं होतं तेव्हा चित्र पालटलेलं असतं. लिसा आयव्हरॅक आणि रॉन रॅपी या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी २०१४ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. वेगवेगळ्या अभ्यासांत तोतरं बोलणाऱ्या २२ ते ६० टक्के मोठ्या माणसांत 'सोशल अँग्झायटी' आढळली होती. म्हणजे चारचौघांत आपलं हसं होईल, लोक आपल्याला जोखतील अशी इतकी भीती, की माणूस लोकांत जाणंच टाळतो. साध्या लाजाळूपणापेक्षा ही फार पुढची गोष्ट. इतर लोकांत हे प्रमाण कितीतरी कमी असतं.

आणि मग एक चक्र सुरू होतं. अडखळलो तर हसतील ही भीती. भीतीने छातीत धडधड, गळा आवळलेला, श्वास वर. त्याने शब्द आणखी अडतो. अडला की भीती खरी ठरते. पुढच्या वेळी ती दुप्पट होऊन येते. म्हणजे भीती ही तोतरेपणाची आई नाही, पण त्याला खतपाणी घालणारी नक्कीच आहे. एरवी स्टेजवर जाताना कोण घाबरत नाही? माझेही पाय लटपटतात. म्हणून मी तोतरी होते का?

जोसेफ शीहान हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः तोतरे होते. ते म्हणत, तोतरेपणा हिमनगासारखा आहे. वर दिसतं ते अडखळणं थोडं. पाण्याखाली असते लाज, भीती, अपराधीपणा, ते खूप मोठं. आपण हिमनग पाहिलेला नाही, पण आपल्या सातपाटीच्या एखाद्या तांडेलाला विचारा. वर दिसणाऱ्या खडकापेक्षा पाण्याखालचा खडक होडीला जास्त धोक्याचा असतो.

या पाण्याखालच्या गोष्टी मला माझ्या मुलाने नंतर एकेक करून सांगितल्या. हॉटेलात त्याला वडापाव खायचा असतो, पण 'व' अडतो म्हणून तो समोसा मागतो. रिक्षावाल्याला आपला स्टॉप सांगता येत नाही म्हणून एक स्टॉप पुढे उतरून चालत येतो. फोन वाजला की पोटात गोळा येतो. एखादा शब्द अडणार असं वाटलं की मनातल्या मनात दुसरा शब्द शोधून ठेवतो. बोलता बोलता हे सगळं चालू! किती दमत असेल माझं लेकरू. पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो. म्हणूनच तोतरं बोलणाऱ्या अनेकांना जगातला सगळ्यात अवघड शब्द कोणता, तर स्वतःचं नाव.

आणि आमच्या बायकांना तर आणखी एक नाव घ्यावं लागतं!

आमच्या बोईसरच्या एका गटात एक मैत्रीण आहे. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे, नाव सांगत नाही. चार-पाच वर्षं ती गटात आहे, पण बैठकीत तोंड उघडत नसे. हिशेब मात्र असा नेटका, की बँकेवालेही वाखाणतात. आम्ही समजायचो गर्विष्ठ आहे. एकदा परतीच्या वाटेवर तिने मला सगळं सांगितलं. लग्न ठरवताना घरच्यांनी बजावलं होतं, मान खाली घालून फक्त "हो" म्हण. पाहुणे म्हणाले, मुलगी फार सोज्वळ आहे हो! लग्नात मात्र उखाणा घ्यायची वेळ आली. यमक जुळवलेल्या ओळी होत्या, चालीवर म्हटल्या, एकदाही अडली नाही. आणि नवऱ्याच्या नावापाशी येऊन थांबली. सगळा मांडव कान टवकारून उभा. पाच सेकंद, दहा सेकंद. कुणीतरी म्हणालं, "लाजली गं लाजली!" आणि हशा पिकला. "ताई, त्या दिवशी सगळ्यांना वाटलं मी लाजले. बरंच झालं म्हणा. पण त्यानंतर चौदा वर्षं मी एकाही हळदीकुंकवाला गेले नाही. नाव घ्यायला सांगतील म्हणून."

चौदा वर्षं, मैत्रिणींनो!

हीच बाई आमच्या भजनी मंडळात खणखणीत गाते. त्यावरूनही तिला टोमणे बसले, "गाताना बरी जीभ वळते, बोलतानाच काय नाटकं?" नाटक नाही ते. गाताना चाल आणि ताल मेंदूला आधार देतात. सगळ्यांबरोबर आरती म्हणतानाही बहुतेक तोतरी माणसं अडत नाहीत. एकट्याने, कुणाच्या तरी डोळ्याला डोळा देऊन, आपल्या मनातलं बोलायचं तिथे गाडी अडते. माझा मुलगा आमच्या टायगर कुत्र्याशी तासभर घडाघडा बोलतो. टायगर हसत नाही ना!

मोठ्या माणसांत तोतरेपणा पुरुषांत जास्त दिसतो, चार पुरुषांमागे साधारण एक बाई. त्यामुळे बाई तोतरी असू शकते हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलगा गप्प राहिला तर निदान कुणीतरी विचारतं, नोकरीचं कसं होणार? मुलगी गप्प राहिली तर शाबासकी मिळते! शांत आहे, मर्यादशील आहे. तिच्या भीतीला आपण गुण म्हणतो, आणि मग तिला डॉक्टरकडे कोण नेणार?

पडद्यावरही आपण तोतऱ्याला बहुतेक वेळा हसायलाच वापरला. १९९३ साली 'डर' आला तेव्हा नायिकेचं नाव अडखळत घेणाऱ्या त्या खलनायकाची नक्कल गल्लीबोळात पोरं करत होती. तेव्हा मीही कॉलेजात खळखळून हसले होते. २०१० साली 'द किंग्ज स्पीच' आला, इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज याच्यावरचा. माझ्या आजीच्या डब्यात ज्याचा मुखवटा असलेली जुनी नाणी होती, तो राजा. अर्ध्या जगावर राज्य, आणि माईकसमोर उभं राहायची धास्ती! १९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा त्याला रेडिओवरून देशाशी बोलावं लागलं. त्याला मदत करणारा लायनेल लोग डॉक्टर नव्हता, पण त्याच्यासमोर राजाला अडखळायची लाज वाटत नसे. आपल्या हृतिक रोशननेही आपण लहानपणापासून तोतरे आहोत हे उघडपणे सांगितलं आहे. मी माझ्या मुलाला हे आधीच सांगायला हवं होतं. मी काय सांगत राहिले? "शांतपणे बोल. आधी विचार कर, मग बोल. श्वास घे." जसं काही तो विचार न करता बोलत होता!

मग उपाय काय? आधी काय नाही ते सांगते. गाडीत, भिंतींवर जाहिराती असतात, 'पंधरा दिवसांत तोतरेपणा गायब'. आम्ही अशा एका ठिकाणी चांगले पैसे भरले. तिथे त्याला प्रत्येक शब्द ताणून, ठेक्यात बोलायला शिकवलं. महिनाभर फरक दिसला, आम्ही पेढे वाटले. दोन महिन्यांत सगळं पहिल्यासारखं. आणि वर नवं ओझं, की 'मीच सराव कमी केला'. तोतरेपणा घालवणारी मान्यताप्राप्त गोळी आजही जगात नाही, हेही लक्षात ठेवा.

जे आहे ते असं. मूल सहा वर्षांच्या आतलं असेल आणि काही महिन्यांत अडखळणं कमी होत नसेल, तर "मोठा झाला की जाईल" म्हणत बसू नका. लहानपणी उपचाराचा गुण जास्त येतो. ऑस्ट्रेलियातली लिडकोंब ही पद्धत तर आईवडिलांनाच शिकवून घरी करून घेतली जाते. मोठ्या माणसासाठी दोन आघाड्या लागतात. एक, स्पीच थेरपी, म्हणजे न झगडता, सैल सोडून बोलण्याची तंत्रं. दुसरी, भीतीवरचा उपचार. त्यात मनातले 'सगळे हसणार' असे विचार तपासायला शिकवतात आणि टाळलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून करायला लावतात. २००८ साली ऑस्ट्रेलियात तोतऱ्या माणसांवर असा उपचार करून पाहिला, तेव्हा त्यांची भीती आणि टाळाटाळ कमी झाली. त्याने अडखळणं मात्र आपोआप कमी झालं नाही. म्हणजे या गोष्टी दोन आहेत आणि दोन्हींकडे बघायला हवं. पण मला विचाराल तर भीती जाणं हेच मोठं. अडखळत का होईना, माणूस वडापाव मागेल!

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था १९८३पासून वाचा आणि श्रवणाच्या अडचणींवर काम करते आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही स्पीच थेरपीचा जुना विभाग आहे. दोन्ही ठिकाणं आपल्या पश्चिम रेल्वेवरचीच, डहाणू लोकलने विरार आणि पुढे. स्वतः तोतरं बोलणाऱ्या डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांनी २००८ साली 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' सुरू केली. तिथे कुणी 'बरं करून देतो' म्हणत नाही. तोतरी माणसं एकत्र जमतात आणि मोकळेपणी अडखळतात. ज्यांना मनाच्या धास्तीबद्दल बोलायचं आहे त्यांच्यासाठी सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा २०२२पासून आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. फोनचीच भीती असेल तर पहिला फोन घरातल्या कुणी लावून द्यायला हरकत नाही. आणि एक गोष्ट वेगळी. आयुष्यभर नीट बोलणारा माणूस एकाएकी अडखळायला लागला तर त्याला 'टेन्शन' म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे लकव्याचा झटका, डोक्याला मार, एखादं औषध असं काहीही असू शकतं. लगेच डॉक्टर गाठा.

पण खरं सांगू? थेरपिस्ट आठवड्यातून एक तास भेटणार. उरलेला आठवडा आपल्या हातात आहे. त्या बाईंनी पहिल्याच भेटीत माझ्या मुलाला प्रश्न विचारला आणि उत्तर मी दिलं. दुसरा विचारला, तोही मीच दिला. त्या हसून म्हणाल्या, "आई, थेरपी कुणाला हवी आहे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानात मी बोलायचे, फोन मी घ्यायचे, पाहुण्यांना त्याची खुशाली मी सांगायचे. त्याला त्रास नको म्हणून. पण त्यातून त्याला कळत काय गेलं असेल? की तुझ्याच्याने होणार नाही. हसणाऱ्यांनी त्याला जे सांगितलं, तेच मी मायेने सांगत होते!

म्हणून माझं मागणं फार साधं आहे. समोरचा अडला तर शब्द पुरवू नका. "सावकाश, शांत" म्हणू नका. नजर वळवू नका, कीव करू नका. तो काय म्हणतोय इकडे लक्ष द्या, कसं म्हणतोय इकडे नको. शिक्षिका असाल तर प्रकट वाचनाआधी त्या मुलाला एकटं गाठून विचारा, तुला कसं सोपं जाईल? हळदीकुंकवात उखाण्याचा आग्रह धरू नका. आणि एमआयडीसीतल्या साहेबांना कुणी हे वाचून दाखवणार असेल तर सांगा, उमेदवाराला दोन मिनिटं जास्त द्या, हवं तर लिहून विचारा. व्हॉल्व्ह कधी बंद करायचा हे ज्याला कळतं त्याचं नाव दहा सेकंद उशिरा आलं तर कंपनीचं काय बिघडतं? गाडी लेट झाली तर आपण फलाटावर अर्धा तास मुकाट उभ्या राहतो. मग माणसाच्या तोंडातल्या शब्दासाठी दहा सेकंद का नाही?

या जानेवारीत आमच्या गटाचं हळदीकुंकू झालं. नाव ज्यांना घ्यायचं त्यांनीच घ्यायचं, असं आधीच ठरवलं होतं. ती मैत्रीण आली. उखाणा तिने घेतला नाही. पण उभी राहून वर्षाचा हिशेब तिनेच वाचला. सात-आठ ठिकाणी अडली. आम्ही वीसजणी थांबलो. कुणी खाली बघितलं नाही, कुणी हसलं नाही.

माझ्या मुलाने पुढच्या मुलाखतीत सुरुवातीलाच सांगून टाकलं, "सर, मी अडखळतो, थोडा वेळ लागेल, पण उत्तर पूर्ण देईन." ती नोकरी मिळाली नाही. त्याच्या पुढची मिळाली. अजून अडतो, रोज अडतो. पण सांगून टाकल्यावर लपवायचं ओझं उतरतं, असं तो म्हणतो.

परवा रात्रपाळीतून त्याचा फोन आला. "आई, तू डॉ... डॉ..." पूर्वीची मी असते तर लगेच म्हटलं असतं, "डबा विसरलास ना?" या वेळी जीभ चावून थांबले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत राहिले. मग शब्द आला. "आई, तू डॉक्टरकडे जाऊन आलीस का? गुडघा दुखत होता ना तुझा?"

डब्याचं नव्हतंच ते. वीस वर्षं मी त्याची वाक्यं पुरी करत आले. त्यातली किती चुकीची पुरी केली असतील, देव जाणे!